आधी सही, मग गाडी

"मावशी, आधी सही, मग गाडी."

उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. चाकणच्या कंपनीत प्रेस मशीननं माझ्या दोन बोटांची पेरं खाल्ली होती. पिंपरीच्या दवाखान्यात न्यायला गाडी दारात उभी. आणि मधे एचआरचे साहेब, इंग्रजी कागद धरून.

मी सातवी पास. लाइनवरच्या बाया खोक्यांवरचं इंग्रजी मलाच विचारायच्या. ठाऊक नसलं तरी मी ठोकून द्यायची. 'फ्रॅजाइल'? परदेशी माल! अशी मी विदुषी.

त्या कागदावर मात्र अडले. "सायेब, निग्लिजन्स म्हंजी काय वो?"

"मावशी, इंग्लिशचा क्लास लावलाय का इथं?"

सगळे हसले. मीही हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच! बोटं गेलेली, आणि ही भवानी दात काढतेय. डाव्या हातानं सही ठोकली.

निग्लिजन्स म्हणजे हलगर्जीपणा. माझा. हात आत दिसला की मशीन थांबवणारं सेन्सर बिघडल्याचं आम्ही चार दिवस सांगत होतो, ते कागदात कुठंच नव्हतं. सहीच्या वरची कोरी जागा साहेबांनी मागनं भरली: काही तक्रार नाही.

पुढं नातीच्या पुस्तकांवर इंग्रजी शिकले. स्पेलिंगपासून स्वल्पविरामापर्यंत. आता आळीतल्या कामगार बाया कागद घेऊन येतात. येत नसलं तर सरळ सांगते, "न्हाई ठाऊक, नातीला विचारू."

गेल्या महिन्यात सुनेचा फोन आला. मंदाही प्रेसवरच, दुसऱ्या कंपनीत.

"आत्या, अंगठा गावला मशीनमधी. सही मागत्यात. एन, ई, जी, एल... काय हाय ह्ये?"



"सही करू नगं. फोन सायबाला दे."

"आजी, एका शब्दानं काय होतंय?" साहेब म्हणाले.

"मग खोडा की."

त्यांनी फोन कापला.

गाडी दिलीच नाही. मंदा मैत्रिणीला धरून रिक्षानं गेली. अंगठा वाचला नाही. कामावर अजून घेतलेलं नाही. तिचा नवरा, म्हणजे माझाच लेक, म्हणतो, "आई, सही केली असती तर नोकरी तरी ऱ्हायली असती." म्हणू दे.

मंदाच्या अपघाताचा कागद आता मी लिहितेय, मराठीत. तिच्याही मशीनचं सेन्सर बंद होतं, ही पहिली ओळ. उरलेल्या बोटांत पेन ठरत नाही, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. शेवटच्या शब्दाला चिकटून पूर्णविराम. खालच्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

तिथं साहेबाला एक अक्षर लिहू देणार नाही.