आत्याच्या घराची पाटी

आत्याने करंजाड्यात तीन मजली घर बांधलं आणि त्याला आजीचं, म्हणजे तिच्या आईचं नाव द्यायचं ठरवलं. सागवानी फळीवर अक्षरं कोरायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा कळंबोलीत नक्षीकामाचा गाळा आहे. आमच्या घरात ती पाऊल टाकत नव्हती, पण पाटी तिला घरच्याच माणसाकडून हवी होती.

कोरून झाल्यावर मी फळी दाखवायला नेली. तिने ती रात्रभर ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी गाळ्यात आणून मी वरून इपॉक्सी रेझिन ओतलं. काचेसारखा थर यायला हवा होता. सकाळी बघतो तर अक्षरांभोवती खड्डेच खड्डे, जणू रेझिन लाकडापासून अंग चोरून बसलं होतं.

मला वाटलं, रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचं प्रमाण चुकलं असेल, किंवा हवा दमट होती म्हणून झालं असेल. सगळा थर तापवून खरवडला. काट्यावर वजन करून नवीन मिश्रण बनवलं, डबाही दुसरा घेतला. पुन्हा तेच खड्डे, त्याच जागी. तेवढ्यात आत्याचा फोन, "झाली का? का शिकतोयस अजून?"

दुसऱ्यांदा खरवडताना हीट गन अक्षरांवर धरली आणि लाकडातून खोबरेल तेलाचा वास आला. तसाच फळी घेऊन करंजाड्याला गेलो.

"आत्या, पाटीला तेल लावलं होतंस?"

"लावलं. देवाजवल ठेवलेली. माज्या आयचं नाव हाय, तेल-हलद नको?"

"मग मला सांगायचं ना! तेलावर रेझिन बसत नाही. दोनदा खरवडलं मी."

"तुला काम येत नाय, ते सांग. आयशीवर गेलास. तिनं पन मला आयच्या तोंडात पानी घालू दिलं नाय."

हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आजी शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. आईने तिचं सगळं केलं. आत्याला निरोपावर निरोप गेले, पण ती जमिनीच्या वाटणीवरून रुसून बसली होती. ती आली तेव्हा आजी गेलेली होती.

"निरोप आले तेव्हा तू का नाही आलीस?" मी विचारलं. इतक्या वर्षांत हे तिला कुणी तोंडावर विचारलं नव्हतं.

ती उठली. "उचल ती फली. दुसरा बघीन मी."

"नाव माझ्याही आजीचं आहे. करूनच आणतो."

मी फळी थिनरने पुसली, कापड कोरडं निघेपर्यंत पुसत राहिलो. अक्षरांच्या आतल्या कडा हाताने घासल्या. आधी रेझिनचा पातळ थर दिला, तो धरला तेव्हा वरचा ओतला. ह्या वेळी सपाट बसला, आतली सागाची रेषान् रेषा दिसत होती.

पाटी लावायला गेलो तर आत्याने प्रत्येक अक्षरावरून नख फिरवलं. खोट सापडेना. "लय चकचकीत केलंस," ती म्हणाली, "प्लास्टिकची वाटते." मी स्क्रू पिळले आणि चहा न घेता निघालो. तिनेही थांब म्हटलं नाही.

वास्तुशांतीला सगळं गाव जेवलं. आम्हाला बोलावणं नव्हतं.

पुढच्या रविवारी आई म्हणाली, "मला ती पाटी बघायचीय." मी नको म्हणालो, तरी ती चप्पल घालून तयार. आम्ही गेटबाहेर उभे राहिलो. वर गॅलरीत आत्या कपडे वाळत घालत होती. तिने आईला पाहिलं, हातातला ओला टॉवेल तसाच बादलीत टाकला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

आईने पदर सारखा केला. "अक्षर छान आलंय," ती म्हणाली. मग मी रिक्षा थांबवली.