पहिली धुलाई

"दो टके की छोकरी, मेरे को बेवकूफ समझती है?" असं ओरडत एका गिऱ्हाईक साहेबांनी भैरवगढच्या ठशांच्या छाप्याची चादर आमच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीच्या तोंडावर फेकली. चादर ओली होती.

साहेब मराठीच, माधव नगरातले. पण आमच्या उज्जैनचा मराठी माणूस खरा भडकला की हिंदीत उतरतो. आवाज असा की टावर चौकात बसलेला सांड उठून निघून गेला आणि टावरचं घड्याळ दचकून पुढे सरकलं. पटत नसेल तर सांडाला विचारा.

तेव्हा घरोघरी वॉशिंग मशीन यायला लागलं होतं. गल्लीत पहिलं आलं साहेबांकडे. त्यांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मुहूर्ताला घरातलं पांढरं म्हणून जे सापडेल ते आत कोंबलं. वर शोभेला आमची नवी लाल चादर. भैरवगढचा छापा पहिल्यांदा मिठाच्या थंड पाण्यात, एकटाच भिजवायचा. नाहीतर रंग सोडतो. त्यानं सोडला. बनियनी, धोतरं, पांढरी सफारी, सगळं गुलाबी. साहेब तीच सफारी घालून पुरावा म्हणून आले होते. गळ्यापाशी डोकावणारं जानवंसुद्धा गुलाबी होतं.

"मिठाचं हिनं सांगितलंच नाही," साहेब गरजले.

मुलगी ओल्या चादरीची घडी घालायला लागली. गालावरून लाल पाणी ओघळत होतं. तिची ही पहिलीच नोकरी. वडील रेल्वेत, त्यांनी एकाच अटीवर पाठवली होती, की एक जरी तक्रार घरी आली तरी नोकरी बंद. ही अट सगळ्या माधव नगराला पाठ होती. साहेबांनाही.

गादीवर माझा मोठा भाऊ. आमच्या दुकानाची वडिलांपासूनची रीत अशी की गिऱ्हाईक चिडलं की नोकरानं हात जोडून "गलती हो गई" म्हणायचं, मग चूक कुणाचीही असो. दादा म्हणाला, "जोड हात बेटा, आणि संपव."

माझं डोकं असं तापलं की वर पोळी शेकून निघाली असती. आजही लिहिताना कान गरम होतात.

"कुणी हात जोडणार नाही," मी म्हणाले. "ती सगळ्यांना सांगते. तुम्हालाही सांगितलं असणार. आणि नसेल सांगितलं, तरी ओली चादर तोंडावर मारायची? मशीन तुमचं, नारळ तुमचा, अक्कल काय आम्ही चादरीसोबत बांधून द्यायची होती?"

"बाई, तोंड सांभाळा."

"तुम्ही हात सांभाळा."

"अगं, गिऱ्हाईक आहेत ते," दादा कळवळला.

"गिऱ्हाईक आहेत. जावई नाहीत."

साहेब लालबुंद झाले. सफारीवर ते शोभलंही. "आत्ता हिच्या बापाकडे जातो," म्हणत स्कूटरला किक मारायला लागले.

मुलगी पहिल्यांदा बोलली. "ताई, संपलं. बाबा उद्या पाठवणार नाहीत."

मी तिला मोपेडवर मागे बसवलं. माझी मोपेड एरवी टांग्याकडूनही हरायची, त्या दिवशी मात्र दोन हातगाड्यांवरून उडाली. साहेबांची स्कूटर सुरूच होत नव्हती. माझे तळतळाट तिला लागले असावेत.

तिचे वडील ओसरीवर मटार सोलत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, इतक्या जोरात की सोललेले दाणे परत शेंगांत शिरायला बघत होते. "तुमच्या मुलीचा काडीचा दोष नाही," मी शेवटी म्हणाले. "ती मिठाचं सांगायला कधी विसरत नाही."

त्यांनी मुलीकडे पाहिलं. "सांगितलं होतंस?"

"नाही, बाबा. गर्दी होती. राहून गेलं."

माझी सगळी तोफ जागच्या जागी भिजली. "तरीसुद्धा..." एवढंच निघालं.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली आणि गुलाबी साहेब "आपकी लड़की ने" म्हणत आत आले. वडील उठले नाहीत. मुलीच्या गालावरचा लाल ओघळ त्यांनी बराच वेळ पाहिला, साहेबांच्या सफारीकडे एकदा, मग पुढची शेंग उचलली.

"उद्यापासून सांगत जा," ते मुलीला म्हणाले.