माहूरच्या पायऱ्या, दवाखान्यातली खुर्ची

आईला अर्धांगवायू झाला आणि रेणुकामातेवरची माझी श्रद्धा डळमळली. शेतात राबून मला पदवीपर्यंत शिकवणाऱ्या बाईचा उजवाच हात देवीनं का घ्यावा, हे मला कळत नव्हतं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात उचलायची ओढ आतूनच यायला हवी, आणि उशीर होईल तसं ते अवघड. आईनं मात्र तो हात सोडूनच दिला होता. सगळं डाव्यानं करायची.

दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या ताई लातूरकडच्या, देवणीच्या. त्यांच्याकडे व्हीआर चष्मा होता. तो डोळ्यांवर बांधला की माणूस बसल्या जागी दुसरीकडे पोचतो; मान वळवावी तिकडचं दिसतं. त्यांनी आईला समोरची फळं तोडायचा खेळ लावून दिला.

"दुसऱ्याच्या झाडाची फळं कशाला तोडू माय?" म्हणून आईनं हात हलवलाच नाही.

"मग कुठं जावं वाटतंय, मावशी?"

"माहूरला. पण आता कुठलं जाणं होतंय!"

ताईंच्या घरी बुद्धवंदना असते. तरी सुट्टीच्या दिवशी त्या माहूरला गेल्या, चहूबाजूंचं टिपणारा कॅमेरा घेऊन गडाच्या पायऱ्या चढून आल्या.

चष्मा लावताच आई ओरडली, "अगं, चपला काढ माझ्या! पायऱ्यांवर हाय मी."

मी काढल्या. मंदिराचं दार दिसताच तिनं फूल मागितलं. माझ्या केसांतली शेवंती मी सवयीनं तिच्या डाव्या हातात दिली.

"डाव्या हातानं वाहू देवीला? एवढं शिकलीस, अक्कल न्हाई आली!"

तिनं फूल उजव्या तळव्यात सरकवलं. तो हात थरथरत मांडीवरून जरासा वर आला आणि पडला. फूल खाली गेलं. मला रडू आवरेना. ताई गुडघ्यांवर बसून फूल परत देत म्हणाल्या, "मावशी, देवीपर्यंत पोचलं न्हाई. अजून एकदा."

"थांब की. लई गर्दी हाय पुढं."

आई अजून पूर्ण बरी नाही, पण आता उजव्या हातानं पेला धरते. माणसाच्या बुद्धीनं असं यंत्र घडवलं, याचं मला फार कौतुक वाटतं. तुमच्या रूपानं देवीच आली, असं म्हटलं की ताई हसतात. "देवी न्हाई हो, मी फक्त बॅटरी चार्ज करून ठेवली होती." मी वाद घालत नाही, मनातल्या मनात हात जोडते. इतके दिवस मी देवीकडे आईचा हात मागत होते. आईनं त्या दिवशी काहीच मागितलं नाही. तिला फक्त फूल वाहायचं होतं.