शेवंतीमावशी आणि सुकतीची वेळ

शेवंतीमावशी बोलता बोलता मधेच उठून जायची. समोर कॅनडातला माणूस असो नाहीतर नागपूरची मुलगी, "सुकती लागली, जातंय मी," एवढं म्हणून ती गायब. सुकती म्हणजे ओहोटी. पाणी उतरलं की खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायच्या आणि भरती असेपर्यंत मोबाइलवरच्या एका आभासी शहरात, जिथे जगभरची माणसं बाहुल्यांच्या रूपात भेटतात, हिंडायचं, असा तिचा नेम. ओहोटीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. त्यामुळे तिथली निम्मी मंडळी रत्नागिरीची भरती-ओहोटी बघून तिच्याशी गप्पांची वेळ ठरवायची.

तिला त्या शहरात मी नेलं नव्हतं. ती माझ्या मागावर आली होती.

पुण्यातली नोकरी सुटल्यावर मी बाबांकडे परत आलो आणि माडीवर कॉम्प्युटरसमोर ठाण मांडलं. त्या शहरात माझं घर होतं, गच्ची होती, मला मान होता. नोकरी गेल्याचं तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. आई जाऊन दोन वर्षं झालेली, खाली बाबा एकटे. ते ताटं वाढायचे, मी वरून "आलो" म्हणायचो आणि जात नसे. मावशी एक दिवसाआड आमच्याकडे तिसऱ्या विकायला यायची. तिने ती वाढलेली ताटं पुष्कळदा पाहिली असणार.

एके दुपारी माझ्या त्या गच्चीवर गाण्यांची मैफल रंगली होती. इतक्यात एक बाहुलं भिंतींना धडकत धडकत आत आलं. डोक्यावर हिरवे केस, पायात एकच बूट. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असा मासळीबाजारातला खणखणीत आवाज:

"संदीप, हितं बसलायस व्हय? तुजा बापूस खाली ताटावर थांबलाय. चल, ऊठ!"

गाणं थांबलं. मी शरमेने कॉम्प्युटर बंद करून खाली धावलो. मावशी आमच्याच ओटीवर मोबाइल धरून बसली होती. "तुमचा जिना चढवत नाय मला, म्हणून तिकडनं आले," ती म्हणाली. लेकीच्या मागे लागून आठ दिवस ती हे शिकत होती! बाबांनी गार झालेलं कालवण पुन्हा गरम केलं.

काम झालं, आता ही तिथे कशाला येतेय, असं मला वाटलं होतं. पण मावशी रमली. "हितं गुडगं दुखत नाय रे," म्हणायची आणि हिरवे केस उडवत नाचायची. केस बदलणं तिला कधी जमलं नाही. नाच रंगात असतानाच ती सुकतीला निघाली की मी म्हणायचो, "थांब ना जरा."

"पाणी चढलं तर तिसऱ्या तू काढणार काय? आणि तू पण ऊठ. बापसाला फिरवून आण."

कुरकुरत का होईना, मी उठायचो. बाबांना स्कूटरवर मागे बसवून आरे-वारेच्या किनाऱ्यावर न्यायचो. हळूहळू ते आईबद्दल बोलायला लागले आणि मी नोकरीबद्दल. अशी दीड वर्षं मिळाली. मला इथेच कामही मिळालं. मग बाबा गेले.

पुढे मावशीचे गुडघे फारच धरले आणि तिने हर्ण्याला लेकीकडे राहायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी बाबांनी तुला पाठवलं नसतं तर माझं काय झालं असतं?"

"तुज्या बापसानं?" ती म्हणाली. "त्यानं मला गप बस म्हणून सांगितलेलं. म्हणाला, पोरगा वर हसतो ते मला खाली ऐकू येतं. नोकरी गेल्यापास्नं तेवडंच हसतो. हसू दे त्याला."

मला रडू आवरेना. डोळे पुसत विचारलं, "मग हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेवा सांगितलं असतं," मावशी म्हणाली, "तर तू त्याला हसून दाखवायला परत वर जाऊन बसला असतास."