पळीवाल्याची सही

पळीवाल्याला त्याचा जिवलग मित्र पहिल्यांदा भेटला तो उलटा. आधी तळवे दिसले, मग पोटऱ्या, आणि चेहरा सगळ्यांत शेवटी. चार मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या तोंडातून दोन लांबलचक पाय आभाळाकडे हलत होते आणि आतून घुमटातून यावा तसा आवाज येत होता, "आहे का कुणी?" नगरपालिकेच्या मलेरिया खात्यात त्या दिवशी दोघेच नव्यानं लागले होते. त्यातला ताडमाड उंच होता तो डासांच्या अळ्या बघायला टाकीत वाकला आणि वाकतच गेला. दुसऱ्याची उंची एवढी बेताची की टाकीच्या कडेपर्यंत त्याचं नाक जेमतेम पोचायचं. तरी त्यानं दोन्ही घोटे धरले आणि ओढायला सुरुवात केली. ओढता ओढता टाकीच वर आली म्हणतात, खालच्या तीन मजल्यांचं पाणी गेलं म्हणतात, आणि पहिल्या मजल्यावरच्या एका आजोबांनी भूकंप समजून कपाटाखाली आसरा घेतला म्हणतात. अखेर चेहरा बाहेर आला तेव्हा मिशीत एक अळी वळवळत होती.

"लिहून घे," उंच माणूस धापा टाकत म्हणाला. "एक सापडली."

तेव्हापासून बावीस वर्षं ही जोडी टिकली, आणि त्यातली बरीच दोघांनी गावाची छपरं फिरण्यात घालवली. शिडी वाहायचा तो उंच माणूस शिडी आणि लांब दांड्याची पळी बाळगायचा तो बुटका पळीवाला. त्यांची खरी नावं गावानं कधी विचारली नाहीत. लग्नाच्या पत्रिकासुद्धा "श्री. पळीवाले, सहकुटुंब" अशाच यायच्या आणि त्याच्या बायकोनं ते आडनाव मुकाट्यानं पत्करलं होतं.

पळी पाण्यात घालायची ही काही ऐऱ्यागैऱ्याची गोष्ट नाही. पाण्यावर सावली पडली की अळ्या बुडी मारतात. म्हणून उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं, पळी कडेनं तिरपी सोडायची, दहा आकडे मोजायचे आणि मग झटकन उचलायची. पळीवाल्याची पळी रिकामी आली तर त्या घरानं निर्धास्त झोपावं. फ्रीजच्या पाठीमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा जुना टायर, काही म्हणजे काही त्याच्या तावडीतून सुटायचं नाही. "आमच्याकडे नाहीत हो डास, शेजारी बघा," असं प्रत्येक घर सांगायचं, आणि तो प्रत्येक घरात म्हणायचा, "वहिनी, शेजारीही हेच म्हणाले." बायका करवादायच्या, पण आठवड्यातून एक दिवस पिंपं कोरडी करायच्या. त्याच्या गल्लीत सहा वर्षांत तापाचा एक रोगी निघाला नव्हता, आणि याचा त्याला इतका अभिमान होता की बायको म्हणायची, पोरीच्या पहिल्या नंबराचंही ह्यांना एवढं कौतुक नव्हतं.

आता सहीचं. दिवसभर पाण्यात हात घालणाऱ्या माणसाच्या हाताला शाई टिकत नाही. पहिल्याच महिन्यात त्याच्या रोजच्या तपासणीच्या तक्त्यावर सह्या अशा ओघळल्या की तेव्हाच्या साहेबांनी सगळे कागद परत पाठवले. मग दोघांनी तोडगा काढला. महिन्याच्या एक तारखेला, हात कोरडे असताना, पळीवाला महिन्याभराच्या सगळ्या कोऱ्या तक्त्यांवर सह्या करून टाकायचा. रोज फिरताना पेन्सिलीनं चिठोऱ्यावर टिपायचा आणि संध्याकाळी चिठोरं शिडीच्या हातात द्यायचा. शिडीचं अक्षर मोत्यासारखं. तो चिठोऱ्यावरून तक्ता भरायचा. पुढे शिडी परीक्षा देऊन पर्यवेक्षक झाला, त्याला खुर्ची आली, पंखा आला, दारावर पाटी आली. सह्यांची पद्धत तीच राहिली. आपल्याच माणसाकडे कोरा कागद ठेवायला कसली भीती?

त्या वर्षी नगरपालिकेनं युवक केंद्र बांधलं. व्यायामशाळा, टेबल टेनिस, वाचनालय, आणि दारात कारंजं. त्याच केंद्रातल्या तरुण मुलांची "आरोग्य पथकं" करून ती घरोघर पाठवायची, आणि त्या जोरावर डासमुक्त शहराचं बक्षीस मिळवायचं, असा बेत होता. बक्षिसाची अट एकच: महिनाभर एकाही सरकारी इमारतीत अळी सापडता कामा नये. पळीवाल्याच्या लेकीनं पथकात पहिलं नाव घातलं. बापानं तिला घरच्या बादलीत पळी धरायला शिकवलं, आणि तिची सावली पाण्यावर पडली म्हणून तीनदा ओरडलाही.

उद्घाटनाच्या तीन दिवस आधी तो केंद्र तपासायला गेला. कारंज्याखाली जमिनीत पाण्याची टाकी होती. झाकण नीट बसत नव्हतं. पळी सोडली, दहा मोजले, उचलली. पळीत पाणी कमी आणि अळ्या जास्त होत्या. सात वेळा पळी घातली, सातही वेळा तेच. त्यानं चिठोऱ्यावर आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या, आणि संध्याकाळची वाट न बघता तडक शिडीच्या खोलीत जाऊन चिठोरं टेबलावर ठेवलं.

शिडीनं वाचलं आणि पंखा जोरात केला. टाकी रिकामी करायची म्हणजे कारंजं बंद, आणि पाहुणे कारंज्याचीच कळ दाबणार होते. पळीवाल्यानं सांगितलं, कारंजं गेलं खड्ड्यात, पोरं तिथं रोज संध्याकाळी बसणार आहेत. शिडीनं उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या सकाळी उभा राहून रिकामी करून घेतो. मी बोललो ना? तू लेकीला पाठव खुशाल."

बावीस वर्षांचा हात होता तो. पळीवाल्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाचा भाग तपासायला दिला होता, तिथं तो गेला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी त्याला थांबवून विचारलं, की त्यांच्या दोन्ही मुली पथकात जायचं म्हणताहेत, तिथलं पाणी कसं आहे. आणि आयुष्यात पहिल्यांदा पळीवाल्यानं पुन्हा न बघितलेल्या पाण्याची हमी दिली. म्हणाला, "मी स्वतः बघितलंय. पाठवा."

कारंजं उडालं. फोटो निघाले. फोटोत शिडी सगळ्यांच्या वर एक हात दिसतो.

तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा शिवणवाल्या वहिनींची थोरली मुलगी तापली, मग धाकटी, मग व्यायामशाळेतले चौघे. पळीवाल्याची लेक टेबल टेनिस खेळता खेळता खाली बसली ती उठेना. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. तिचे सांधे इतके दुखायचे की पेला दोन हातांनी धरायची. सगळे मिळून सतरा जण आजारी पडले, आणि सतराच्या सतरा युवक केंद्रातले. लेकीच्या उशाशी बसून पळीवाल्यानं मनातल्या मनात सगळी गल्ली तपासली, एकेक पिंप, एकेक बशी. केंद्राची टाकी त्यानं मोजलीच नाही. ती शिडीनं रिकामी केली होती ना.

लेक घरी आली त्या दिवशी तो पळी घेऊन केंद्रात गेला. टाकी काठोकाठ भरलेली होती, आणि अळ्या वरूनच वळवळताना दिसत होत्या. पळी घालायची गरजच पडली नाही.

नगरपालिकेनं चौकशी लावली. एका लांब टेबलापलीकडे चौकशीच्या बाई बसल्या होत्या, बाजूला शिडी. बाईंनी तक्ता पुढे सरकवला. युवक केंद्र, कारंज्याची टाकी, अळ्या: शून्य. मोत्यासारखं शून्य. खाली पळीवाल्याची स्वच्छ, कोरडी, एक तारखेची सही.

बाईंनी विचारलं, सही तुमचीच का. तो म्हणाला, माझीच. मग त्यानं सगळं सांगितलं, ओल्या हातांपासून चिठोऱ्यापर्यंत. सांगताना त्याचं त्यालाच ऐकू येत होतं की हे किती खुळचट वाटतंय. बावीस वर्षं कोऱ्या कागदावर सही करणारा माणूस म्हणून बाई त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. ते चिठोरं कुठं आहे, असं त्यांनी विचारल्यावर त्यानं शिडीकडे पाहिलं. त्याला अजूनही वाटत होतं, आता हा खिशात हात घालेल.

"संबंधित कर्मचाऱ्यानं माझ्याकडे असं काही दिलेलं नाही," शिडी म्हणाला.

संबंधित कर्मचारी! पळीवाल्यानं मागं वळून पाहिलं, कुणी दुसरं आत आलंय का म्हणून.

जिन्यात दोघं समोरासमोर आले. शिडीनं रुमालानं मान पुसली. पळीवाल्याच्या मनात शंभर शिव्या होत्या, पण तोंडातून भलतंच निघालं.

"तक्त्यात शून्य घाल, काय हवं ते घाल. पण 'लेकीला पाठव' असं कशाला म्हणालास?"

"ती पडेल आजारी असं नव्हतं वाटलं रे मला," शिडी म्हणाला, आणि ते बहुधा खरं होतं. त्यामुळे ते जास्तच वाईट झालं.

त्या आठवड्यात पळीवाला नेहमीसारखा गल्लीत फिरला. लोक घरात होते, पण दारं अर्धीच उघडत होती. ज्या शिवणवाल्या वहिनी त्याच्यासाठी फ्रीज स्वतः पुढे ओढून द्यायच्या त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. आत धाकटी भिंत धरून चालत होती.

"तुम्ही बघितलं होतंत ना?" त्यांनी विचारलं.

बघितलं होतं, आणि सांगितलंही होतं, असं त्याला म्हणता आलं असतं. पण मग रिकामी टाकी बघितली होती का, हा प्रश्न उरत होता. तो म्हणाला, "नाही." वहिनींनी दार लावून घेतलं. आवाज न करता लावलं, हे त्यानं घरी बायकोला दोनदा सांगितलं.

नगरपालिकेला डासमुक्त शहराचं दुसरं बक्षीस मिळालं. पळीवाल्याची बदली कुत्र्यांच्या परवान्यांच्या खिडकीवर झाली. ती खिडकी दहा ते एक उघडी असते.