अठरा हात आणि आठाचा आकडा

देवीवर रुसून बसावं असं माझं वय राहिलेलं नाही. पन्नाशी जवळ आली आहे. तरीही गेल्या वर्षी मी तिच्यावर चांगलीच रुसले होते, आणि कारण ऐकून कुणालाही हसू येईल. कारण होतं मोटारसायकलचा परवाना.

मी आरोग्यसेविका आहे. इगतपुरीपासून बारा किलोमीटरवर डोंगरात माझं उपकेंद्र आहे आणि त्याच्याही पलीकडे चार पाडे. एसटी अर्ध्या वाटेवर सोडते. चौदा वर्षं आमच्या ह्यांनी मला मोटारसायकलवर नेलं-आणलं, रेल्वेतली आपली पाळी सांभाळून, इगतपुरीच्या पावसात निथळत. मग साखरेने त्यांचे डोळे धरले. एक गेलाच, दुसऱ्याला माणूस दिसतो पण चेहरा दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. माझ्या वरिष्ठांनी समजुतीने सांगितलं, पाड्यांवर पोहोचणं जमत नसेल तर रस्त्यावरच्या गावात बदली घ्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण ज्या बाळांना मी पहिली लस दिली ती आता दप्तर घेऊन शाळेत जाताना हात हलवतात. त्यांच्या आयांना सोडून जायला मन तयार होईना. त्या दगडगोट्यांच्या चढावर स्कूटरचा निभाव लागत नाही. तेव्हा ह्यांची मोटारसायकल मीच शिकायची ठरवली.

शिकवलं ह्यांनीच, आणि तेही कानाने. शाळेच्या मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून ओरडायचे, "अगं, क्लच झटक्यात सोडू नकोस! दुसरा गिअर टाक, रडतेय बिचारी." सगळी नोकरी इंजिनांच्या दुरुस्तीत गेलेला माणूस, त्यांच्या कानांना फसवणं कठीण. महिन्या-दीड महिन्यात, चुन्याने आखलेल्या आठाच्या आकड्यावरून मी पाय न टेकता दहा-दहा फेऱ्या मारू लागले. परीक्षा म्हणजे तरी तेवढंच. आठाच्या आकड्यावरून गाडी फिरवायची आणि पाय जमिनीला लागू द्यायचा नाही.

ह्यांचे एक सहकारी गाडी नाशिकला आणून द्यायचे, आम्ही दोघं रेल्वेने जायचो. पहिल्या खेपेला अर्धा आकडा सुरेख झाला आणि दुसऱ्या वळणावर गाडी अचानक डगमगली. पाय टेकला. आरटीओच्या साहेबांनी मान वर न करता शेरा मारला, "पुन्हा या, ताई." काही आठवड्यांनी पुन्हा गेले. तेच मैदान, तेच वळण, तोच पाय. माझ्या अर्ध्या वयाच्या मुली आकडा पुरा करून हसत बाहेर पडत होत्या आणि मी गाडी ढकलत कुंपणाकडे आणत होते. शिकाऊ परवान्याची मुदत संपत आली होती आणि बदलीच्या अर्जाचा कोरा कागद पर्समध्ये घडी घालून ठेवलेला होता.

"त्या वळणावर तुझा ॲक्सिलरेटर सुटतो," हे म्हणाले. "मला ऐकू आलं. मागच्या वेळीही आलं होतं."

"नाही सुटत. तुम्हाला दिसतंय तरी काय!" मी फटकन बोलले.

बोलले आणि जीभ चावली. पण तोंडातून गेलेला शब्द परत येतो थोडाच! ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. त्या चष्म्याचा आता काही उपयोग नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

मला तिथे उभं राहवेना. त्या वळणासमोरच, कुंपणापलीकडे कडुलिंबाचा पार आहे, आणि पारावर शेंदूर लावलेली देवीची शिळा. माझं माहेर कळवणकडचं. सप्तशृंगीच्या गडाकडे बघून हात जोडल्याशिवाय आमच्या घरात चहासुद्धा मिळत नसे. त्या दिवशी मात्र हात जोडायचेच नाहीत असं ठरवून मी त्या शिळेसमोर उभी राहिले. मनात म्हटलं, बाई गं, ह्यांचे डोळे गेले तेव्हाही मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज एवढंसं मागितलं, तर तुझ्याच दारात दोनदा माझा पाय टेकवलास.

पारावर एक आजी बसल्या होत्या. मुलाच्या ट्रॅक्टरच्या लायसनसाठी सायखेड्याहून त्याच्यासोबत आल्या होत्या, हे नंतर कळलं. माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "आता नाय का जोडत हात? मघाशी गाडीवरून तर जोडला."

"मी? कधी?"

"त्या वळणावर. देवीसमोर आली अन् उजवा हात सोडला. छातीला लावला, कपाळाला लावला, मग पाय टेकला. मी काय आंधळी हाय का?"

मी त्यांच्याशेजारी पारावर बसले. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि बावीस वर्षं मी ह्यांच्या मागे बसले आहे. वाटेत देऊळ आलं की माझा हात आपोआप छातीला आणि कपाळाला जातो. ह्यांचे हात गाडीला गुंतलेले, म्हणून ते पुढून म्हणायचे, "माझाही हात लाव गं." हाताला ती इतकी सवय की मला पत्ताही लागत नाही. शाळेच्या मैदानावर देऊळ नाही, म्हणून तिथे कधी चूक झाली नाही. ह्यांच्या कानांनी मात्र ती बरोबर पकडली होती, आणि मी त्यांना डोळ्यांवरून बोलले होते.

"आता काय करू, आजी?" मी विचारलं. "देवी समोर दिसत असताना हात न जोडता पुढे जायचं म्हणजे..."

खरंच भीती वाटली होती मला. आजी हसल्या. "लेकी, गडावरच्या आईला अठरा हात हायेत. तुला दोनच. तुझे दोन गाडीला राहू दे. बाकीचं तिच्यावर सोड."

मी तिथल्या तिथे हात जोडले, डोळे मिटले, पोटभर रडले. डोळे उघडले तेव्हा आजी मुलाच्या हाकेला ओ देत निघून चालल्या होत्या. नावही विचारायचं राहिलं.

ह्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "तुमचंच खरं. सुटत होता." आणि मघाच्या बोलण्याची माफी मागितली. ते म्हणाले, "अगं, कान शाबूत आहेत अजून." एवढंच. पण चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

तिसऱ्या खेपेला शिकाऊ परवान्याचे चारच दिवस उरले होते. त्या वळणावर कडुलिंब दिसला आणि उजवा तळहात अक्षरशः शिवशिवला. मी मूठ घट्ट आवळली. आई, हाच माझा नमस्कार समज, एवढंच मनात आलं, आणि आकडा पुरा झाला. पार त्या दिवशी रिकामा होता. आजींनी तिथे असण्याचं काही कारणही नव्हतं. लोक विचारतात, ती देवीच होती का? मला माहीत नाही. मी त्यांना सायखेड्याच्या आजीच म्हणते आणि रोज दिवा लावताना आठवते.

देवावर सोडणं म्हणजे आपला हात सोडणं, असं मी इतकी वर्षं समजत होते. हातातलं काम घट्ट धरूनही ते त्याच्यावर सोडता येतं, हे मला त्या वळणाने शिकवलं. बदलीच्या अर्जाच्या कागदावर मी पाड्यांवरच्या लसीकरणाचे वार लिहिले.

परवाना घरी आला त्या सकाळी मी ह्यांना मागे बसवून उपकेंद्राकडे निघाले. घाटाच्या वळणावरचं देवीचं देऊळ दिसलं. दोन्ही मुठी आवळून मी पुढूनच सांगितलं, "अहो, देऊळ आलं. माझाही लावा."

खांद्यावरचा त्यांचा हात उचलला गेला, आणि थोड्या वेळाने पुन्हा येऊन टेकला.