गडग्यापलीकडच्या रेकॉर्डी

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते साठत जातात. मधुभाऊंच्या घरात रेकॉर्डी साठल्या आणि माझ्याकडे त्यांचे किस्से. आमच्या दोन घरांमधला चिऱ्यांचा गडगा माझ्या खांद्यापर्यंतच येतो. तो अजून हातभर उंच असता तर मी आळीत गुणी बाई म्हणून ओळखली गेले असते.

मधुभाऊ बोटीवर इंजिन खात्यात होते. जर्मनीच्या बंदराला बोट लागली की बाकीचे घड्याळं, अत्तरं घ्यायचे. हे तिथल्या जुन्या रॉकच्या रेकॉर्डी घ्यायचे. आता रिटायर होऊन रत्नागिरीत आहेत, पण पार्सलं येतातच. रेकॉर्डींच्या खोलीत ते कुणाला घेत नाहीत. सख्ख्या मेव्हण्यालाही दारातूनच दाखवली. आळीत फक्त मला आत बसायला मिळतं, आणि त्याचा मला किती माज आहे ते आळीला विचारा.

* * *

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गडग्यावरून हाक मारली, "मधुभाऊ, पंप बंद करा, टाकी भरून वाहत असेल."

ते खिडकीत आले. "पंप नाही, गाणं आहे."

"मग सुरू कधी होणार?"

"अकरा मिनिटं झाली सुरू होऊन."

मी दहावीपर्यंत शिकलेली बाई. उगाच वाद नको म्हणून तिथंच उभी राहून उरलेलं ऐकलं. तेवढ्या वेळात टाकी खरंच भरून वाहिली. माझी.

* * *

या प्रकाराला क्राउटरॉक म्हणतात, हे त्यांनी मला खोलीत बसवून सांगितलं. "क्राउट म्हणजे कोबी. जर्मन लोक तो खातात म्हणून इंग्रजांनी चेष्टेनं ठेवलेलं नाव."

"आणि त्या दुसऱ्या कपाटातलं?"

"ते प्रोग्रेसिव्ह रॉक. बरंचसं इंग्रजांचं."

"मग ते काय खातात?"



पुढच्या भिशीत मी दोन्हीतला फरक बायकांना समजावून सांगितला. सगळ्या मन लावून ऐकत होत्या. शेवटी एक म्हणाली, "छान. आता एखादं म्हणून दाखव." तेव्हापासून भिशीत मी फक्त पोहे खाते.

* * *

एकच अल्बम त्यांच्याकडे तीनदा आहे. जर्मन छापाची रेकॉर्ड, जपानहून मागवलेली सीडी, आणि "रोज ऐकायला" म्हणून आणखी एक सीडी.

मी भाऊंच्या बायकोला, वहिनींना म्हटलं, "हे काही शहाण्या माणसाचं लक्षण नाही हो."

वहिनी कोथिंबीर निवडत होत्या. "तुझ्याकडे बिडाचे तवे किती, सुलभा?"

चार. घावन्यांचा, आंबोळ्यांचा, भाकरीचा, आणि एक सासूबाईंचा, ज्याला मी कुणाला हात लावू देत नाही.

* * *

पार्सलं माझ्या पत्त्यावर येतात. वहिनींना कळू नये म्हणून ती माझ्या कपाटात राहतात, आणि वहिनी देवळात गेल्या की भाऊ घेऊन जातात. त्याच कपाटात वहिनींच्या नव्या साड्या असतात, भाऊंना कळू नयेत म्हणून. एवढी दोन गुपितं मी पोटात ठेवली यावर माझ्या नवऱ्याचा अजून विश्वास नाही.

एकदा वहिनी साडी न्यायला आल्या आणि नेमकं वर पार्सल.

वहिनींनी ते उचलून बाजूला ठेवलं. "त्यांचं सामान माझ्या साडीवर ठेवत जाऊ नकोस गं. घडी मोडते."

* * *

आता माझा पराक्रम.

गेल्या मे महिन्यात दोघं आठ दिवस पुण्याला मुलाकडे गेली. किल्ली माझ्याकडे. "झाडांना पाणी घाला," एवढंच भाऊंचं सांगणं.

मी खोलीत डोकावले तर बुरशीचा वास. आमच्याकडे पावसाआधी जे दमट असेल ते उन्हात जातं; मिरच्या, कोकमं, गाद्या. मी बारा रेकॉर्डी कव्हरांतून काढून घरापुढच्या खळ्यात चादरीवर मांडल्या, आंबापोळीच्या साठांशेजारी. कावळे येऊ नयेत म्हणून दुपारभर काठी घेऊन बसले.

संध्याकाळी साठं झकास वाळली होती. रेकॉर्डींचे द्रोण झाले होते. घाबरून एक सपाट करायला पाट्याखाली घातली, तिचे दोन तुकडे झाले. तिच्या कव्हरात भाऊंच्या अक्षरातली चिठ्ठी होती: "अठरा वर्षं शोधली."

खोली गेली, हे मी धरूनच चालले. गडग्यावरून बोलणं तरी राहू दे, एवढंच देवाला सांगत होते.

दोघं आली तशी मी सगळं सांगून टाकलं. भाऊंनी तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले.

"दुपारभर काठी घेऊन बसलात?"

"हो."

"उन्हात?"

"हो."

ते आत गेले आणि दार लावलं. पावसाळाभर खिडकीसुद्धा उघडली नाही. मी गडग्याशी उभी राहायचे आणि पावसाचाच आवाज ऐकून परत यायचे.

दिवाळीला दोघं परत पुण्याला निघाली. भाऊ गडग्याशी आले आणि घराची किल्ली चिऱ्यावर ठेवली.

"रेकॉर्डींच्या कपाटांना कुलूप घातलंय," ते म्हणाले.

"बरं केलंत," मी मान खाली घालून म्हटलं.

त्यांनी खिशातून आणखी एक बारकी किल्ली काढली. "ही त्याची. तुमच्याकडेच असू दे."